निकाल न लागलेली शिक्षा

मी फौजदारी वकिली करते. राहते डोंबिवलीत, काम कल्याणच्या कोर्टात. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर माझं नाव आहे. ज्या आरोपीला वकील परवडत नाही, त्याच्यासाठी सरकारी खर्चाने मी उभी राहते. "असल्या माणसांची केस तुम्ही घेताच कशी?" हे मला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लेडीज डब्यात, सगळीकडे विचारलं जातं. विचारणारीचा मला राग येत नाही. बहुतेक वेळा ती कुणाची तरी आई असते आणि तिच्या पोटातली भीती खरी असते. पण मला तिच्याशी ज्यावर बोलायचं असतं, तो प्रश्न वेगळा आहे. गुन्हेगाराला शिक्षा व्हायला हवी, यावर आम्हा दोघींचं एकमत आहे. ती कशासाठी व्हायला हवी? आणि 'शिक्षा झाली' असं नक्की कधी म्हणायचं?

आमच्या ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न आता कायद्याच्या पुस्तकापुरता राहिलेला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी पालकांना कित्येक तास ताटकळत ठेवलं. २० ऑगस्टला बदलापूरकर रुळांवर उतरले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कल्याण-कर्जत मार्ग बंद होता. त्या दिवशी आमच्या कोर्टात बदलापूर-वांगणीकडचे पक्षकार पोचलेच नाहीत. मोबाइलवर दिसत होती ती गर्दी आणि तिची एकच मागणी: फाशी, आणि तीही आत्ताच, इथेच. त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. लोक रुळांवर बसले नसते, तर ते प्रकरण पोलीस ठाण्याच्या बाकावरच राहिलं असतं, अशी मला दाट शंका आहे. दोन दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ती या रागामुळेच.

२३ सप्टेंबरला संध्याकाळी ठाण्याचे पोलीस त्या आरोपीला दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी तळोजा कारागृहातून घेऊन निघाले. मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्येच गोळी लागून तो मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं. ती बातमी आली तेव्हा बदलापुरात पेढे वाटले गेले, फटाके फुटले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात व्हॅनमधल्या पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरलं होतं. एप्रिलमध्ये न्यायालयाने विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. त्याच्या मृत्यूनंतरच्या दिवसांत आरोपीच्या आईवडिलांना मुलाला पुरायला जागा मिळेना. गावोगावी विरोध झाला. शेवटी २९ सप्टेंबरला पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरच्या स्मशानभूमीत त्याला पुरलं.

त्याच वर्षी डिसेंबरात कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीतून एका अल्पवयीन मुलीचं अपहरण झालं आणि तिचा मृतदेह बापगावजवळ सापडला. मुख्य आरोपीवर आधीचे गुन्हे नोंदलेले होते, तो जामिनावर बाहेर होता. एप्रिल २०२५ मध्ये तोही तळोजा कारागृहात गळफास घेतलेल्या अवस्थेत मृत सापडला.

एका जिल्ह्यातले, काही महिन्यांच्या अंतराने घडलेले हे दोन भयंकर गुन्हे. दोन्हींतला मुख्य आरोपी मेला आणि दोन्ही प्रकरणांत त्याच्याविरुद्धचा निकाल कधीच लागणार नाही. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला बंद होतो. कोर्टात आम्ही म्हणतो, 'केस अबेट झाली'. माझ्या ओळखीतल्या पुष्कळ लोकांना यात काही बिघडलं असं वाटत नाही. "गेला ना तो? झालं मग." मला मात्र वाटतं की त्या मुलींच्या हक्काची सर्वांत मोठी गोष्ट त्या दिवशी हिरावली गेली. ती कोणती, हे सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल.

बाहेरच्या माणसाला खटला म्हणजे दोन वकिलांची भांडाभांडी वाटते. प्रत्यक्षात खटल्याच्या शेवटी एक कागद तयार होतो. निकालपत्र. काय घडलं, कधी घडलं, कुणी केलं, कुणाच्या साक्षीवरून हे ठरलं, आरोपीने काय सांगितलं आणि ते का पटलं नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि खाली न्यायाधीशाची सही असते. शिक्षेची वर्षं-महिने शेवटच्या पानावर येतात. आधीची सगळी पानं एकच गोष्ट सांगत असतात: 'तुझ्यावर अन्याय झाला, तो या माणसाने केला, आणि हे आम्ही सगळ्यांच्या वतीने जाहीर करत आहोत.' अत्याचार झालेल्या मुलीला लहानपणापासून काय ऐकावं लागतं, ते मी जवळून पाहिलं आहे. 'तू खोटं बोलतेस', 'तुझा गैरसमज झाला', 'कुणाला सांगू नकोस'. त्या सगळ्यांना उत्तर म्हणून तिच्या हातात राहणारी एकच गोष्ट म्हणजे ते निकालपत्र. बदलापूरच्या मुली मोठ्या होतील. मुख्य आरोपीने आपल्याशी काय केलं हे पुराव्यानिशी ठरवणारा कागद त्यांना कुठल्याही कोर्टात मिळणार नाही. शाळेत कोण गप्प बसलं, कुणी दुर्लक्ष केलं, याचे तुकडे इतर खटल्यांत कदाचित पुढे येतील. मूळ गोष्ट एका व्हॅनमध्ये संपली.

शिक्षेचं पहिलं काम सत्य जाहीर करणं हे आहे, असं माझं मत इतक्या वर्षांच्या कामानंतर पक्कं झालं आहे. वेदना देणं, धाक बसवणं, डांबून ठेवणं, सुधारणं ही सगळी कामं त्यानंतरची. सत्य ठरण्याआधी त्यांतलं काहीही केलं, तर ती शिक्षा होत नाही. तो नुसता बळाचा वापर होतो.

आपल्या इतिहासात याचं फार मोठं उदाहरण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथराव दोषी आहेत असं ठरवलं आणि त्याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं त्यांना तोंडावर सांगितलं. मग त्यांनी पुणं सोडलं. रघुनाथरावांना ती शिक्षा कधीच झाली नाही. ते सत्तेवर होते, त्यांच्याकडे फौज होती, पुढे इंग्रजांचा आधारही होता. तरीही अडीचशे वर्षांनंतर मराठी शाळेतल्या मुलाला नारायणरावांच्या खुनाला जबाबदार कोण, हे माहीत असतं, कारण एका न्यायाधीशाने ते निर्भयपणे उच्चारलं होतं. तिथे शिक्षा राहून गेली, पण निकाल टिकला. मुंब्रा बायपासवर माणूस मेला आणि निकाल लागलाच नाही. यांतलं कुठलं समाजाला जास्त उपयोगी पडलं, याचा विचार करून पाहा.

आता शिक्षेच्या बाकीच्या कामांकडे येते. त्यासाठी वाचकांना मी कोर्टातल्या एका अशा वेळेकडे घेऊन जाते, जी सिनेमात कधी दाखवत नाहीत. आरोपी दोषी ठरला की आपल्या कायद्यात लगेच शिक्षा सुनावत नाहीत. 'शिक्षेच्या प्रमाणावर' दोन्ही बाजूंचं वेगळं ऐकून घ्यावं लागतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये आहे. न्यायाधीश आरोपीला पिंजऱ्यातून पुढे बोलावून विचारतात, "शिक्षेबद्दल काही म्हणायचं आहे का?" बहुतेक माणसं एकच उत्तर देतात. घरी म्हातारी आई आहे, मुलं लहान आहेत, मी एकटाच कमावता आहे. मग सरकारी वकील उठतात. गुन्हा गंभीर आहे, समाजात योग्य संदेश गेला पाहिजे, जास्तीत जास्त शिक्षा द्या. मग मी उठते. वय पाहा, पहिलाच गुन्हा आहे, तुरुंगातली वागणूक चांगली आहे, सुधारण्याची संधी द्या. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं.

जगातल्या तत्त्वज्ञांनी शिक्षेवर जे लिहून ठेवलं, ते सगळं या पंधरा मिनिटांत गोळा झालेलं असतं. 'केलंस ते फेड' म्हणणारा जर्मनीचा कांट तिथे असतो. 'पुढच्या माणसाने करू नये म्हणून शिक्षा' म्हणणारा इंग्लंडचा बेंथम असतो. हा माणूस सुधारू शकतो ही आशाही असते. या बोलण्यात नसते ती एकच व्यक्ती. जिच्यावर गुन्हा झाला ती, किंवा तिची आई, मागच्या बाकावर बसलेली असते आणि तिला कुणी काही विचारत नाही. मी आरोपीची वकील आहे, तरीही हे मला खुपतं. आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्थसहाय्य आणि समुपदेशन मिळतं. आरोपीला किती वर्षं झाली हे पेपरात येतं. ती मुलगी परत शाळेत जाऊ लागली का, हे कुणी छापत नाही.

सरकारी वकिलांच्या तोंडी नेहमी येणारा 'समाजात संदेश' हा शब्द मी अतिशय गंभीरपणे घेते, कारण लोकांना शिक्षेतून सर्वांत जास्त हवा असतो तो धाक. धाक बसतो का? बसतो. पण कशाने बसतो, हे पाहायला हवं. इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्येच मांडलं होतं की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती नक्की होईल या खात्रीने गुन्हा अडतो. मला हे पुस्तकाआधी कल्याण लोहमार्ग पोलिसांच्या कोठडीत समजलं. आमच्या मार्गावर रुळांच्या कडेला उभं राहून, लोकलच्या दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारून मोबाइल पाडणारी पोरं असतात. मुंब्रा-कळव्याकडे, ठाकुर्लीच्या आसपास. कुणाचा तोल जातो आणि तो गाडीखाली येतो. त्यांतल्या एका पोराची केस माझ्याकडे आली होती. मिसरूडही धड न फुटलेला. जबरी चोरीला किती वर्षं होतात ठाऊक होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, पकडणार असं वाटलंच नव्हतं. सगळे करतात, कोण पकडलं जातं?" दहा वर्षांची शिक्षा चौदा केली असती, तरी त्याच्या डोक्यातल्या हिशेबात काहीच बदललं नसतं. ठाकुर्लीच्या त्या वळणावर रोज संध्याकाळी पोलीस उभा राहिला असता, तर बदललं असतं.

कोळसेवाडीच्या प्रकरणात लोकांचा सर्वांत खरा सवाल तोच होता. आधीचे गुन्हे नोंदलेला माणूस मोकळा कसा फिरत होता? याचं उत्तर कायद्याच्या मवाळपणात शोधू नका. ते खटल्यांच्या दिरंगाईत आहे. आधीचे खटले वेळेत संपले असते आणि तो दोषी ठरला असता, तर जामिनाचा प्रश्नच उरला नसता. जामीन हा खटला लांबल्याचा परिणाम असतो. जामिनावर तुटून पडायचं आणि रिकाम्या न्यायाधीशपदांबद्दल, रखडलेल्या डीएनए अहवालांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे आपल्याकडे नेहमीचं झालं आहे.

फाशीच्या धाकाबद्दल मी आणखी एक सांगते, ते ऐकायला जड जाईल. लहान मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. काका असतो, शेजारी असतो, शिकवणीचा सर असतो, कधी वडील असतात. २०१९ मध्ये बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यात गंभीर अत्याचारासाठी फाशीची तरतूद झाली. तेव्हापासून मी ऑफिसात समोर बसलेल्या बायकांकडून ऐकते: "मॅडम, त्याला फाशी होईल का हो? मग नको. घर बसेल." आणि तक्रार मागे घ्यायची धडपड सुरू होते. मुलगी साक्षीला उभी राहते आणि फिरते, कारण घरातल्या सगळ्यांनी तिला सांगितलेलं असतं की तुझ्या एका शब्दावर माणूस लटकेल. जी शिक्षा लेकराच्या जिभेवर एवढं ओझं टाकते, ती त्या लेकराच्या बाजूची आहे असं मला म्हणवत नाही.

कठोर आणि जलद शिक्षेचं एक जुनं उदाहरण आमच्या ठाण्यातच आहे. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह तुम्ही बाहेरून पाहिलं असेल. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे तुरुंग झाला. २ मे १८४८ रोजी इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे यांना इथे फाशी दिली. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घातल्या होत्या. चार महिन्यांच्या आत खटला, निकाल, फाशी सगळं पुरं झालं. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. जलद, कठोर, खात्रीची शिक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असणार? पण त्या शिक्षेचा लोकांवर उलटाच परिणाम झाला. आज त्या तुरुंगात त्यांचं स्मारक आहे. शिक्षा देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार आहे, असं लोकांच्या मनाने मानावं लागतं. इंग्रजांना तो अधिकार लोकांनी कधी दिलाच नव्हता. आपल्या न्यायालयांना आपण तो संविधानाने दिला. पोलीस व्हॅनमधल्या पिस्तुलाला आपण तो दिलेला नाही, आणि पेढे वाटून तो देऊ नये.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो टाळणार नाही: व्यवस्थाच हरली, तर लोकांनी काय करायचं? १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला ठार मारलं. त्या माणसाने त्या वस्तीतल्या बायकांवर वर्षानुवर्षं अत्याचार केले होते, तक्रारी होत होत्या, तो सुटत होता. त्या बायकांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. खटला चालला आणि सगळे सुटले, याचं मला दुःखही नाही. पण कस्तुरबानगर हे पोलीस आणि न्यायव्यवस्था कोसळल्याचं चिन्ह होतं. ज्यांनी राज्य चालवायचं, त्यांनीच त्याचा नमुना म्हणून वापर करावा, हे मला भीतिदायक वाटतं. असहाय बायकांनी जे केलं, ते शस्त्र, वॉरंट आणि पगार हातात असलेल्यांनी करायचं कारण नाही.

पुरावा तपासायच्या आत माणूस मारला, तर चूक दुरुस्त करायची सोय उरत नाही, हे आपल्याच राज्याने फार महागात शिकलं आहे. नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये एका कुटुंबावर हल्ला झाला. दरोडा, बलात्कार, पाच खून. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. नाशिकच्या न्यायालयाने फाशी ठोठावली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चार माणसांना ओळखलं होतं. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सहातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं तुरुंगात, त्यांतली बरीचशी फाशीच्या छायेत. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. त्या सहा जणांविरुद्धही २००३ मध्ये लोकांचा राग असाच पेटला असणार. आणि त्या कुटुंबातल्या मेलेल्यांनाही अजून न्याय मिळालेला नाही, हे आपण विसरतो. खऱ्या गुन्हेगारांना शिक्षा तर झालीच नाही. चुकीच्या माणसाला दिलेली शिक्षा पीडितावर दुसरा अन्याय करते.

शिक्षेचा आणखी एक प्रकार आहे, ज्याला आपण शिक्षा म्हणतच नाही. निकालाआधीचा तुरुंग. पक्षकारांच्या मुलाखतीसाठी मी कल्याणच्या आधारवाडी कारागृहात जाते. ठाणे मध्यवर्ती कारागृहाची अधिकृत क्षमता १,१०५ कैद्यांची. आत तिपटीहून अधिक माणसं असतात आणि आधारवाडीची गतही तीच. बराकीत एका कुशीवर झोपायचं आणि वळायचं तर शेजाऱ्याला उठवायचं, असं माझे पक्षकार सांगतात. देशभरातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार न्यायाधीन, म्हणजे दर चारांतल्या तिघांवर अजून काहीही सिद्ध झालेलं नव्हतं. कित्येकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. गावाकडून बांधकामावर आलेल्या माणसाला कल्याणात स्वतःच्या नावावर घर असलेला जामीनदार कुठून मिळणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधीही दोषी न ठरलेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढून झाला की जामिनाला पात्र ठरतो (जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून). ही चांगली तरतूद आहे. पण ती माहीत असलेला वकील त्याला भेटायला हवा.

भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आणली, याचा मला मनापासून आनंद आहे. पाच हजार रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर तुरुंगाऐवजी समाजाच्या उपयोगाचं काम. अशा पोराला आधारवाडीत पाठवलं, की तो सहा महिन्यांत बाहेर येतो ते तिथल्या ओळखी घेऊन. हे पोलीसही खाजगीत मान्य करतात.

सुधारणेवर विश्वास ठेवायला लोक कचरतात. "कुत्र्याची शेपटी सरळ होते का?" असं मला तोंडावर म्हणतात. मी त्यांना सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जायला सांगते. १९३९ मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रायडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या कल्पनेवरून, तिथे खुली कैदी वसाहत काढली. भिंती नाहीत. खुनाची शिक्षा झालेले कैदी बायकामुलांसह राहून शेती करत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून आला. ती वसाहत आजही महाराष्ट्र कारागृह विभाग चालवतो. तिथे कुणालाही पाठवत नाहीत, कैदी निवडून पाठवतात. प्रत्येक गुन्हेगार असा सुधारेल असं मी म्हणत नाही. काही माणसांना समाजापासून दूर ठेवावंच लागतं, आणि लहान मुलांचे लचके तोडणाऱ्यांना दीर्घकाळ ठेवावं लागतं, हे मी आरोपीची वकील असून म्हणते. १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून सर्वोच्च न्यायालयाचं सांगणं आहे की फाशी देण्याआधी हा माणूस सुधारूच शकत नाही, याचीही शहानिशा करा. व्हॅनमध्ये ती शहानिशा कुणी केली?

आणि वकिलाबद्दल. गाजलेल्या गुन्ह्यांत 'आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही' असे ठराव होतात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. समोर वकील उभा असला की साक्षीदाराची उलटतपासणी होते, पुराव्यातली भोकं दिसतात, आणि त्यातून टिकून जो निकाल निघतो, तो अपिलातही उभा राहतो. माझ्या कामातून आरोपी सुटला, तर बहुतेक वेळा तपास कच्चा होता म्हणून सुटतो. आणि शिक्षा झाली, तर ती पक्की होते. मी उभी राहते ती या दोन्हींसाठी.

बदलापूरला त्या दिवशी रुळांवर बसलेल्या आयाबापांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमचा राग शमू देऊ नका. फक्त तो फाशीच्या घोषणेत संपवू नका. मुलांच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, तिच्या बैठका होतात का, हे विचारा. २०२२ च्या शासन निर्णयाने ती सक्तीची आहे. पोक्सो कायद्याचं कलम ३५ सांगतं की मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात संपला पाहिजे. कल्याण आणि ठाण्याच्या न्यायालयांत किती खटले वर्षाच्या आत संपले, किती न्यायाधीशांची पदं रिकामी आहेत, डीएनए अहवाल किती महिन्यांनी येतात, हे आपल्या आमदाराला लेखी विचारा आणि लेखी उत्तर मागा.